दाब वाढतो, वीज वाढत नाही! : अमेरिकेतील फिरत्या घरांच्या ऑटोट्रान्सफॉर्मरचे कोडे

जुलै महिन्यातील रणरणती दुपार आणि शंभर-सव्वाशे फिरती घरे ओळीने उभी असलेला एखादा तळ. ॲरिझोना किंवा टेक्सासमधील अशा तळांवर दुपारी चार-पाचच्या सुमारास एक प्रकार हमखास घडतो. प्रत्येक वाहनाच्या छतावरील वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी घरघरू लागतात आणि सकाळी १२० व्होल्ट दाखवणारा मीटर १०५ च्या आसपास घुटमळू लागतो. दिवे किंचित मंदावतात, कॉम्प्रेसर कण्हतो. मग एखादा अनुभवी प्रवासी वाहनाच्या पोटातील कप्प्यातून एक जड पेटी बाहेर काढतो, ती विजेचा खांब आणि आपले वाहन यांच्या मधोमध जोडतो आणि त्याच्या घरातील मीटर पुन्हा ११५ वर जातो. शेजारच्या वाहनातील कुटुंबाला साहजिकच प्रश्न पडतो की, संपूर्ण तळावर दाब कमी असताना याच्याकडे तो आला कोठून?

ही पेटी म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर. तेथील प्रवाशांच्या बोलीत तिला ‘ऑटोफॉर्मर’ असेही म्हटले जाते. मराठी वाचकाला ती अपरिचित नाही. फ्रिजमागे किंवा एअर कंडिशनरच्या बाजूला भिंतीवर टांगलेला स्टॅबिलायझर उघडला तर आत बहुधा हेच यंत्र सापडते. आणि शेजाऱ्याला पडलेला प्रश्नही आपल्या ओळखीचाच आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत नळाला थेट मोटार लावणाऱ्याकडे सारी चाळ ज्या नजरेने पाहते, त्याच नजरेने या पेटीकडे अमेरिकेत पाहिले जाते. ही पेटी म्हणजे विजेच्या नळाला लावलेला पंप आहे काय, यावर तेथील तळचालक, उत्पादक आणि प्रवासी यांच्यात दीर्घकाळ वाद सुरू आहे. उत्तर ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये कोठे तरी आहे आणि ते समजून घ्यायचे तर आधी या तळांवरील दाब उतरतो का, हे पाहावे लागते.

१०८ व्होल्ट, आणि दोष कोणाचाच नाही

‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अर्थात आर.व्ही. हे चाकांवरचे संपूर्ण घर असते. स्वयंपाकघर, स्नानगृह, झोपण्याची जागा, गिझर, मायक्रोवेव्ह आणि छतावर एक ते तीन वातानुकूलन यंत्रे. तळावर आल्यावर हे वाहन आपल्या नेमून दिलेल्या जागेवरील कमरेएवढ्या खांबाला जोडले जाते. या खांबाला ‘पेडेस्टल’ म्हणतात. त्यावर प्रामुख्याने दोन प्रकारच्या जोडण्या असतात. पहिली ३० अँपिअरची. ती एकाच १२० व्होल्टच्या तारेवर चालते आणि तिच्यातून जास्तीत जास्त ३,६०० वॉट मिळतात. दुसरी ५० अँपिअरची. तिच्यात १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा व एक सामाईक न्यूट्रल असतो. त्यामुळे ऐकायला ती ३० च्या दुपटीहूनही कमी वाटली, तरी प्रत्यक्षात ती १२,००० वॉट देऊ शकते.

अमेरिकेतील वीजपुरवठ्याच्या दाबासाठी ‘एएनएसआय सी८४.१’ हे मानक आहे. सर्वसाधारण परिस्थितीत ग्राहकाच्या दारात ११४ ते १२६ व्होल्ट मिळावेत, असे ते सांगते. ग्राहक म्हणजे येथे तळाचा मालक. त्याच्या मीटरपासून पुढची भूमिगत केबल त्याची स्वतःची. अशा केबलमध्ये एकूण पाच टक्क्यांहून अधिक दाब पडू नये, अशी शिफारस त्या देशाच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, म्हणजे ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’मध्ये आहे. ही केवळ शिफारस आहे, सक्ती नव्हे. आता हिशेब मांडून पाहावा. कंपनीने ११४ व्होल्ट दिले, केबलमध्ये पाच टक्के गेले, तर ओळीतील शेवटच्या खांबावर सुमारे १०८ व्होल्ट उरतात. कंपनी चुकलेली नाही, मालक चुकलेला नाही, आणि प्रवाशाच्या हाती मात्र बारा व्होल्ट कमी! त्यातून केबल जुनी असेल, जोड सैल असतील किंवा प्रवाशाने स्वतःची लांबलचक बारीक वायर वापरली असेल, तर आणखी दोन-चार व्होल्ट सहज गळतात.

मूळ दुखणे मात्र याहून खोल आहे. तळाची वायरिंग आखताना सर्व जागांवर एकाच वेळी पूर्ण भार येईल, असे धरले जात नाही. संहितेतील कलम ५५१.७३ यासाठी एक तक्ता देते. एकच जागा असेल तर भार १०० टक्के धरावा, दोन असतील तर ९० टक्के, दहा ते बारा असतील तर ५० टक्के आणि ३६ किंवा त्याहून अधिक असतील तर अवघा ४१ टक्के. ५० अँपिअरच्या जागेचा भार पूर्वी ९,६०० व्होल्ट-अँपिअर धरला जाई. संहितेच्या २०२० च्या आवृत्तीत तो १२,००० करण्यात आला. म्हणजे जुन्या नियमाने आखलेल्या मोठ्या तळावर एका जागेच्या वाट्याला सरासरी ३,९३६ व्होल्ट-अँपिअर येतात. दोन वातानुकूलन यंत्रे सुरू केली की तेवढ्यावरच तीन हजारांच्या पुढे मजल जाते. वर गिझर लावला की वाटा संपला. सगळे शेजारी एकाच वेळी तसे करणार नाहीत, हे गृहीतक वर्षातील बहुतेक दिवस खरे ठरते. जुलैतील दुपारी ते कोलमडते, कारण ऊन साऱ्यांनाच एकाच वेळी लागते.

त्याहून जुन्या तळांची अवस्था तर वेगळीच. तळांच्या व्यवसायातील प्रसिद्ध ‘केओए’ या साखळीची सुरुवात १९६२ साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे, सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघालेल्या प्रवाशांसाठी झाली. त्या काळच्या प्रवाशाला रात्री दिवा, फार तर एखादा पंखा पुरे होता. आज त्याच प्रकारच्या जागेवर चाळीस फुटांचे वाहन येऊन उभे राहते.

कमी दाबाने मोटार का जळते?

दाब कमी झाला तर यंत्र थोडे कमी काम करील, एवढेच, असा सर्वसामान्य समज असतो. बल्ब किंवा गिझरच्या बाबतीत तो खरा आहे. १२० व्होल्टवर १,४४० वॉट घेणारा गिझर १०४ व्होल्टवर सुमारे १,०८० वॉटच घेतो. पाणी उशिरा तापते, इतकेच. कॉम्प्रेसरच्या मोटारीचे तसे नाही. तिच्यावरील भार ठरलेला असतो. दाब कमी मिळाला तर ती प्रवाह जास्त खेचून ते काम पुरे करू पाहते. १२० व्होल्टवर १३ अँपिअर घेणारे छतावरील यंत्र १०४ व्होल्टवर जवळपास १५ अँपिअर घेते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेरावरून पंधरा झालेला हा प्रवाह मोटारीच्या वेटोळ्यांत सुमारे एकतृतीयांश अधिक उष्णता निर्माण करतो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तारेवरील आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

सुरू होतानाची स्थिती तर याहून बिकट असते. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाने घटतो. दाब दहा टक्क्यांनी उतरला की पीळ ८१ टक्क्यांवर येतो. अशा वेळी कॉम्प्रेसर फिरण्याऐवजी जागच्या जागी गुरगुरत राहतो आणि त्या काही क्षणांत नेहमीच्या चौपट-पाचपट प्रवाह ओढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतीपंप जळतात, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते.

अमेरिकेत १२० व्होल्टच्या जाळ्यावर चालणाऱ्या मोटारींवर साधारणतः ११५ व्होल्ट असे लिहिलेले असते आणि त्यांनी दहा टक्के कमी-अधिक दाब सोसावा, अशी अपेक्षा असते. ११५ मधून दहा टक्के वजा केले की साडेएकशे तीन उरतात. फिरत्या घरांसाठीची अनेक संरक्षक यंत्रे १०४ व्होल्टच्या आसपास वीज तोडतात, ते यामुळेच. असे संरक्षक यंत्र बसवलेल्या कुटुंबाची मोटार वाचते. पण बाहेर रणरणते ऊन, पत्र्याच्या घरात लहान मूल किंवा वृद्ध आणि वातानुकूलन बंद, अशी वेळ त्याच्यावर येते. ऑटोट्रान्सफॉर्मरची मागणी येथून सुरू होते.

एकाच वेटोळ्याची करामत

नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे महावितरणच्या भाषेतील रोहित्रात, लोखंडी गाभ्यावर दोन वेगळी वेटोळी असतात. एकात वीज येते, दुसऱ्यातून बाहेर पडते. दोहोंमध्ये तारेचा प्रत्यक्ष संबंध नसतो. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळे एकच. त्याच्या मधूनच एक फाटा बाहेर काढलेला असतो. समजा, शंभर वेढ्यांवर १०४ व्होल्ट दिले आणि त्याच वेटोळ्याला पुढे आणखी दहा वेढे जोडून तेथून वीज घेतली, तर हाती १०४ अधिक १०.४, म्हणजे ११४.४ व्होल्ट येतात.

यात लोखंड व तांब्याची मोठी बचत आहे. ३० अँपिअरच्या जोडणीवर १०४ व्होल्टने ३,१२० व्होल्ट-अँपिअर आत येतात. त्यांपैकी चुंबकीय मार्गाने पलीकडे न्यावे लागतात केवळ २८४ च्या आसपास. उरलेले तारेतूनच थेट निघून जातात. म्हणून जो भार पेलायला नेहमीचे रोहित्र दोन माणसांनी उचलावे लागले असते, तो एका माणसाला उचलता येईल अशा पेटीत मावतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर गोल मूठ असलेला ‘डिमरस्टॅट’ ज्यांनी फिरवला आहे, त्यांनी हेच तत्त्व हाताळले आहे. तेथे फाटा मुठीने सरकवायचा असतो, येथे तो ठरावीक जागी असतो.

तो नेमका कधी जोडायचा आणि कधी नाही, हे ठरवणारे स्वयंचलित नियंत्रण हा या पेटीचा जीव होय. तळावरील दाब दुपारी १०५ असला तरी रात्री अकरानंतर, साऱ्यांची यंत्रे थांबली की, तो १२२ वर जाऊ शकतो. दहा टक्क्यांची वाढ कायमची जोडलेली राहिली तर घरात १३४ व्होल्ट येतील आणि दुपारी वाचवलेली उपकरणे मध्यरात्री जळतील. बाजारातील चांगल्या पेट्या दाब पुरेसा असताना वाढ जवळजवळ काढून घेतात. हौशी मंडळी घरी जुळवतात त्या जोडण्यांत नेमकी हीच सोय नसते.

शेजाऱ्याच्या वाट्याचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे. ऑटोट्रान्सफॉर्मर वीज निर्माण करीत नाही. बाहेर दाब दहा टक्क्यांनी वाढवायचा तर आत प्रवाह दहा टक्क्यांनी अधिक घ्यावा लागतो. ३० अँपिअरच्या ब्रेकरमागे ही पेटी लावली, तर घरात फार तर २७ अँपिअर वापरता येतात. त्यापुढे गेले की खांबावरील ब्रेकर पडतो. शिवाय अशा ब्रेकरवर तासन् तास सलग चालणारा भार ८० टक्क्यांच्या, म्हणजे २४ अँपिअरच्या आत ठेवावा, असा दंडक आहे. तोही खांबाच्या बाजूने मोजायचा, घराच्या बाजूने नव्हे.

शेजाऱ्यावर होणारा परिणाम मात्र पेटीच्या मागे काय चालू आहे, यावर अवलंबून असतो. वरचा कॉम्प्रेसर १०४ व्होल्टवर १५ अँपिअर घेत होता. पेटी लावल्यावर त्याला ११४.४ व्होल्ट मिळाले आणि त्याची भूक साडेतेरा अँपिअरच्या आसपास आली. पेटीला मात्र तेवढे देण्यासाठी खांबातून पुन्हा १५ अँपिअरच घ्यावे लागतात. म्हणजे केबलवरील भार होता तेवढाच राहिला, पेटीत जाणारा किरकोळ व्यय सोडला तर. मोटार थंड राहिली आणि शेजाऱ्याचे काही गेले नाही. उत्पादक नेहमी हेच उदाहरण देतात आणि ते खरे आहे.

परंतु त्याच पेटीमागे गिझर असेल तर? १०४ व्होल्टवर तो १०.४ अँपिअर घेत होता. ११४.४ व्होल्टवर तो ११.४ घेतो आणि खांबातून त्यासाठी १२.६ अँपिअर ओढले जातात. भार २१ टक्क्यांनी वाढला. केबलमधील दाबाची घट तेवढीच वाढते आणि ओळीतील पुढच्या खांबांवरील मीटर आणखी खाली सरकतो. गिझरचे पाणी लवकर तापून तो लवकर बंदही होतो, हे मान्य; पण तेवढ्या वेळात शेजाऱ्याचे संरक्षक यंत्र १०४ ची रेषा ओलांडून वीज तोडू शकते. तळचालक हेच उदाहरण देतात. तेही खरे आहे.

या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक मुद्दा सहसा येत नाही, आणि तोच अधिक वजनदार आहे. पेटी नसती तर त्या प्रवाशाचे वाहन १०४ व्होल्टला आपोआप जाळ्याबाहेर पडले असते. केबलवरील पंधरा-वीस अँपिअरचा भार हलका झाला असता आणि बाकीच्यांचा दाब थोडा सावरला असता. पेटीमुळे ते वाहन जाळ्यात टिकून राहते. एकाने टिकून राहण्याने फारसे बिघडत नाही. ओळीतील निम्म्या वाहनांकडे अशा पेट्या असतील तर दाब उतरत राहतो आणि भार मात्र कमी होत नाही. ज्याच्याकडे पेटी नाही, तो सर्वप्रथम अंधारात जातो. नळाला लावलेल्या मोटारीची उपमा लागू पडते ती येथे.

संहितेतील एक छोटे पोटकलम

या वादाला कायद्याचीही एक किनार आहे. राष्ट्रीय विद्युत संहितेचे ५५१ वे प्रकरण फिरत्या घरांसाठी आहे. त्यातील कलम ५५१.२० च्या ‘ई’ या पोटकलमात ऑटोट्रान्सफॉर्मरच्या वापरास मोजक्या शब्दांत मनाई आहे. कारण दिलेले नाही, अपवाद दिलेला नाही. काही तळचालक हे पोटकलम पुढे करून अशा पेट्यांना सरसकट बंदी घालतात.

मात्र हे पोटकलम ज्या कलमात आले आहे, ते कशाविषयी आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. कलम ५५१.२० चा विषय आहे बारा व्होल्टची बॅटरीव्यवस्था आणि १२० व्होल्टची व्यवस्था एकाच वाहनात एकत्र नांदवणे. १२० व्होल्टमधून कमी दाबाची वीज काढण्यासाठी ऑटोट्रान्सफॉर्मर वापरला, तर दोन्ही बाजूंमध्ये तारेचा थेट संबंध राहतो आणि बारा व्होल्टच्या म्हणून निर्धास्तपणे हाताळल्या जाणाऱ्या दिव्यावर १२० व्होल्ट येऊ शकतात. ही मनाई त्या धोक्यासाठी असून वाहनाबाहेर प्लगने जोडल्या जाणाऱ्या पेटीला ती लागू होत नाही, असा युक्तिवाद पेट्यांच्या बाजूने केला जातो. कलमाचा संदर्भ पाहता त्यात तथ्य दिसते. तथापि तळ ही खासगी जागा असते आणि तेथे काय जोडू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. आरक्षण करतानाच याविषयी विचारून घेणे शहाणपणाचे.

ही पेटी काय करू शकत नाही

एकच वेटोळे असणे हे या यंत्राचे बलस्थान, तसेच त्याचे व्यंगही. आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विद्युतदृष्ट्या अलग नसते. खांबावर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर ते तसेच उलटे वाहनात येतात. अर्थिंग तुटलेले असेल तर पेटी ते जोडून देत नाही. वाहनाचा पत्रा ‘जिवंत’ होण्याचा आणि पायरीवर पाय ठेवताच झटका बसण्याचा धोका पेटीमुळे कमी होत नाही.

याच दोषाचा एक प्रकार महाराष्ट्रातील अनेक घरांत कोणाच्या ध्यानी न येता नांदतो आहे. अमेरिकेतील मुलाने पाठवलेला किंवा तेथून परतताना आणलेला मिक्सर, टोस्टर चालवण्यासाठी २३० व्होल्टचे ११० करणारी छोटी पेटी बाजारात स्वस्तात मिळते. ती बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मरच असते. प्लग उलटा बसला किंवा सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, तर ११० च्या बाजूची ‘न्यूट्रल’ तार जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर असते. वेटोळ्याचा सामाईक भाग तुटला तर ११० व्होल्टच्या उपकरणाला थेट २३० चा मार्ग मोकळा होतो. दाब वाढवणाऱ्या अमेरिकी पेटीत हा दुसरा प्रकार तितक्या तीव्रतेने होत नाही, कारण तेथे वाढीचा भागच लहान असतो.

फिरत्या घरांच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान करणारे दोन दोष या पेटीच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पहिला, चुकीची जोडणी. ३० अँपिअरच्या सॉकेटचा आकार पाहून घरगुती कामे करणारा एखादा वायरमन ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजतो आणि १२० ऐवजी २४० व्होल्ट जोडून देतो. वाहन जोडल्याक्षणी आतील उपकरणे निकामी होतात.

दुसरा दोष ५० अँपिअरच्या जोडणीतील न्यूट्रल तुटण्याचा. दोन तारांमध्ये २४० व्होल्ट असतात आणि न्यूट्रल त्यांचे सारखे विभाजन करतो. तो सुटला की दोन्ही बाजूंची उपकरणे एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात. एका बाजूला १,४४० वॉटचा गिझर आणि दुसऱ्या बाजूला ४८० वॉटची किरकोळ उपकरणे असतील, तर गिझरला ६० व्होल्ट मिळतात आणि किरकोळ उपकरणांवर १८० व्होल्ट कोसळतात. दूरचित्रवाणी संच त्यात पहिला बळी जातो. याला उपाय आहे तो दाब, ध्रुवता, अर्थिंग हे सारे तपासून मगच वीज आत सोडणारे संरक्षक यंत्र. ते पेटीच्या आधी जोडावे की नंतर, यावरही मतभेद आहेत. आधी जोडले तर पेटीही सुरक्षित राहते, पण १०४ च्या खाली ते वीजच तोडते आणि पेटीला काम उरत नाही. नंतर जोडले तर उलट. अनेक नव्या पेट्यांत काही संरक्षण आतच दिलेले असते. विकत घेताना ते नेमके कोणते, हे वाचून घ्यावे.

हरवलेला न्यूट्रल निर्माण करणारे यंत्र

फिरत्या घरांत ऑटोट्रान्सफॉर्मरचा आणखी एक उपयोग अलीकडे रुळला आहे, आणि त्यात शेजाऱ्याशी भांडण नाही. लिथियम बॅटऱ्या व सौर पट्ट्या बसवून तळावरील विजेशिवाय राहणाऱ्यांची संख्या वाढली, तशी मोठ्या इन्व्हर्टरची गरज भासू लागली. काही इन्व्हर्टर केवळ २४० व्होल्टच्या दोन तारा देतात. मधला न्यूट्रल त्यांच्यापाशी नसतो. अशा वेळी बरोबर मध्यावर फाटा असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर दोन तारांमध्ये टाकला की मधला फाटा न्यूट्रलचे काम करतो आणि दोन्ही बाजूंना १२० व्होल्ट मिळतात.

गंमत अशी की, एकाच बाजूला ३० अँपिअरचा भार असला तरी हे यंत्र तो दोन्ही बाजूंत वाटून देते. इन्व्हर्टरला केवळ १५ अँपिअर पुरवावे लागतात. येथे दक्षता वेगळी घ्यावी लागते. हा कृत्रिम न्यूट्रल सुटला तर वर सांगितलेला १८० व्होल्टचा प्रकार वाहनाच्या आतच घडेल. म्हणून दोन्ही तारा एकदम तोडणारा ब्रेकर आवश्यक ठरतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांची गाठ एका वेळी एकाच ठिकाणी असावी लागते. वाहन खांबाला जोडलेले असताना ती गाठ तळाच्या वीजव्यवस्थेत असते, वाहनात नव्हे. बॅटरीवर असताना ती वाहनात बांधावी लागते. ही अदलाबदल इन्व्हर्टरमधील रिले करतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचे असते. चित्रफिती पाहून ते उरकणाऱ्यांची संख्या अमेरिकेतही कमी नाही.

पेटीआधीचे उपाय

पेटीवर काहीशे डॉलर खर्च करण्यापूर्वी बिनखर्चाचा एक उपाय बहुतेक वाहनांतच उपलब्ध असतो. पुष्कळ फिरत्या घरांतील फ्रिज आणि गिझर वीज किंवा प्रोपेन गॅस यांपैकी कशावरही चालतात. दुपारी ही दोन यंत्रे गॅसवर टाकली की दहा-पंधरा अँपिअर वाचतात. आपल्या घरातील दाब त्याने सुधारतोच, शिवाय ओळीतील इतरांनाही त्याचा लाभ होतो. पेटीने नेमके हेच साधत नाही.

कॉम्प्रेसर सुरू होतानाचा धक्का सौम्य करणारे ‘सॉफ्ट स्टार्टर’ हे छोटे उपकरणही लोकप्रिय झाले आहे. त्याहून महागडा, पण अधिक निर्दोष मार्ग म्हणजे बॅटरीची जोड असलेला संकरित इन्व्हर्टर. खांबातून वीस अँपिअरच घ्यायचे, असे त्याला सांगून ठेवले की वरची गरज तो बॅटरीतून भागवतो आणि रात्री, तळ शांत असताना, बॅटरी पुन्हा भरून घेतो.

अमेरिकेत जाऊन मुलांबरोबर फिरते घर भाड्याने घेणाऱ्या मराठी पर्यटकांना पेटी विकत घेण्याचे कारण नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर फिशिंग ब्रिज येथील तळ वगळता विजेची जोडणीच मिळत नाही. इतरत्र मात्र प्लगमध्ये लावायचा साधा व्होल्टमीटर जवळ ठेवावा. यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सुरू केल्यावर एकदा आकडा पाहावा. जोडताना खांबावरील ब्रेकर बंद असावा. पाच-सात व्होल्टची घसरण समजण्यासारखी आहे. आपले एकच यंत्र सुरू होताच आकडा दहा-पंधरा व्होल्टने कोसळत असेल, तर दोष तळाच्या भारात नसून त्या खांबाच्या सैल झालेल्या सॉकेटमध्ये असण्याची शक्यता अधिक. काळवंडलेले प्लास्टिक किंवा हाताला गरम लागणारा प्लग दिसला की तेथे पेटीही लावू नये आणि वाहनही. तळाच्या कार्यालयात जाऊन दुसरी जागा मागून घ्यावी.